दादांची ना

घशाच्या ऑपरेशनमध्ये दादांचा आवाज गेला. तेव्हापासून ते लॅपटॉपवर टाइप करत आणि लेकीनं लिहिलेली एक छोटी संगणकी स्क्रिप्ट टाइप केलेलं वाक्य एका बोलणाऱ्या प्रोग्रॅमकडून वदवून घेई. पण वाक्य उमटेपर्यंत घरातला विषय पार पुढे गेलेला असे. एकदा संतापून दादांनी लॅपटॉपच आपटून मिटला.

“बाबा, दोष स्क्रिप्टचा आहे,” लेक म्हणाली. “दर शब्दाला ती त्या प्रोग्रॅमला झोपेतून उठवते आणि पुन्हा झोपवते. आता मी त्याला एकदाच उठवून जागं ठेवते.”

दुसऱ्या दिवशी दादांचा धाकटा भाऊ एका गिऱ्हाइकाला घेऊन आला. दादांचं सायकलचं दुकान त्या गिऱ्हाइकाला विकत हवं होतं.

“व्यवहार पक्का समजा,” धाकटा म्हणाला. “दादाचीही ना नाही.”

दादा दातओठ खात कीबोर्डवर तुटून पडले. लगेच लॅपटॉप बोलला, “माझी ना आहे.”

धाकटा चपापला. “अरे, मग इतके दिवस बोलला का नाहीस?”

“दर वेळी बोललो. तुम्ही सगळे तोवर उठून गेलेले असायचात.”