अर्जातलं ते एक वाक्य

अरे, ऐका तरी! माझ्या मावशीचा गाण्याचा गट आहे ना, दर मंगळवारी लाँड्रीच्या मागच्या खोलीत इस्त्रीची टेबलं सरकवून आम्ही गातो तो, त्याला सरकारी अनुदान मिळावं म्हणून मी तीन रविवार खपून अर्ज भरला. आज मुलाखत होती. समोर समितीची तिघं, शेजारी मावशी. सगळं मस्त चाललं होतं रे! मग मधल्या बाईंनी विचारलं, "अनुदान नाही मिळालं, तर गटाचं काय होईल?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशी हसलीच. "काय व्हायचंय? मंगळवारी गाणार की!"

मी तिला कोपरानं ढोसलं. तर ती माझ्यावरच डाफरली, "ढोसतेस काय? लाँड्रीवाल्या दादांची किल्ली माझ्याकडेच असते."

बाईंनी अर्जाचं पान उलटलं. "पण इथे लिहिलंय, पैसे मिळाले नाहीत तर गट बंद पडेल."

मावशीनं चष्मा लावून ते वाक्य दोनदा वाचलं आणि पान बाईंकडे परत सरकवलं. बाहेर आल्यावर मी जिन्यातच सुरू झाले, अगं असं लिहावंच लागतं, सगळेच लिहितात, नाहीतर कोण देतं पैसे, हातातलं घालवलंस तू!

ती दोन पायऱ्या खाली थांबली. वळून म्हणाली, "ते राहू दे गं. पैसे नाही मिळाले, तर तू यायचं सोडणार होतीस?"