मंद्रूपचे आकडे

डॉ. धोंडीराम घाडगे दारात उभे राहिले तेव्हा शरणम्मा चटणीसाठी शेंगदाणे कुटत होती. एकोणतीस वर्षं ती त्यांच्या हाताखाली नर्स होती. तिच्या घरी ते पहिल्यांदाच आले होते, जोडभावी पेठेत पत्ता विचारत विचारत.

"या की साहेब," ती म्हणाली. "फोन केला असता तर मीच आले असते."

डॉक्टरांनी खुर्चीवर बसून फाईल उघडली. हृदयरोगावर त्यांचे एकशे बारा लेख छापून आले होते, पण जग त्यांना ओळखायचं ते एकाच लेखामुळे. मंद्रूपच्या बायकांचा रक्तदाब मोहोळच्या बायकांपेक्षा कमी असतो आणि त्याचं कारण करडईचं तेल, असं त्यात लिहिलं होतं. दीड हजार संशोधकांनी त्याचा आधार घेतला होता.

"पुण्यात आरोही म्हणून एक मुलगी आहे," डॉक्टर म्हणाले. "तिनं दोन्हीकडे जाऊन पुन्हा मोजलं. तिला फरकच सापडला नाही. आता मासिकवाल्यांनी माझ्याकडे खुलासा मागितलाय."

"मग?"

"मंद्रूपचे आकडे तुम्ही घेतले होते. सगळे."

शरणम्मानं बत्ता खाली ठेवला. "घरात बसून लिवले का, असं विचारायला आलाव?"

डॉक्टरांनी फाईल मिटली.

"एकेक आकडा कानाला नळी लावून, ठोके ऐकून लिवलाय, साहेब."

"मग मोहोळला तसे का नाही आले?"

"मोहोळला मोजायला मुक्ताबाई होती. बाई दारात आली की हिनं पट्टा बांधलाच. दिवसाला साठ बायका उरकायची. माझ्या वीस व्हायच्या, म्हणून तुमी मला गोगलगाय म्हणायचाव."

डॉक्टरांना ते आठवलं.

"मंद्रूपच्या बायका रानातून चालत यायच्या. दंडाला काय बांधतीय म्हणून भ्यायच्या. मी म्हणायचे, कुंद्री, बसा आधी. पाणी द्यायचे. मग कानडीत सासूचं, लेकरांचं निघायचं. बाई हसली की मग पट्टा."

"किती वेळ बसवायचा?"

"अर्धा तास. कधी जास्ती."

"नियम पाच मिनिटांचा होता, शरणम्मा."

"पाच मिनिटांत सासूचं संपतंय व्हय?"

डॉक्टरांना हसू आलं, पण ते लगेच गेलं. "हे मला कधी सांगितलं का नाही?"

"तुमी विचारलाव कधी? बायकांत पुरुष नको म्हणून तुमी बाहेर जीपपाशी थांबायचाव. संध्याकाळी कागद घेतले की निघालाव."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "हे लिहिलं तर लेख मागे घ्यावा लागेल."

"आणि न्हाय लिवलं तर?"

"तर आकडे खोटे होते असंच लोक म्हणतील."

"म्हंजे मी खोटी."

शरणम्मानं कपाटावरचं रक्तदाबाचं मशीन काढलं. मुलीनं तिच्यासाठी घेऊन दिलं होतं. डॉक्टरांनी आपणहून बाही वर केली. मशीननं एकशे बहात्तर दाखवलं.

"आता कुंद्री," ती म्हणाली. तिनं तांब्याभर पाणी आणून ठेवलं. "वैनींचे गुडघे कसे हायत?"

गुडघ्यांवरून बोलणं नातवाच्या शाळेवर गेलं, तिथून जुन्या जीपवर. एकदा ती जीप हत्तूरच्या ओढ्यात रुतली होती आणि डॉक्टर पँट वर करून ढकलत होते, ते शरणम्मानं सांगितलं. जमलेल्या बायका तेव्हा कानडीत काय म्हणाल्या, तेही सांगितलं. इतक्या वर्षांनी कळल्यावर डॉक्टर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मग तिनं पुन्हा पट्टा बांधला. एकशे अठ्ठेचाळीस.

डॉक्टरांनी तो आकडा बराच वेळ पाहिला. फाईलमधून कोरा कागद काढून दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. त्याखाली, लेख मी मागे घेत आहे, असं लिहिलं. मंद्रूपची मोजणी कुणी आणि कशी केली, हे लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत त्यांचं पेन थांबलं.

"शरणम्मा," त्यांनी विचारलं, "तुमचं आडनाव काय?"

शरणम्मानं पट्टा गुंडाळून ठेवला. मग सांगितलं, सावकाश, त्यांना लिहून घेता येईल असं.