नव्या बाईंचं पुस्तक

जुन्या बाई शाळा सोडून गेल्या तेव्हापासून बालवर्ग नव्या बाईंशी धड बोलतच नव्हता. म्हणून बिचाऱ्या बाईंनी दुकानात आजच आलेलं चित्रांचं पुस्तक आणलं, पोरांसमोरच त्याचं प्लॅस्टिक फाडलं आणि पहिलं पान दाखवलं.

"सांगा बघू, हा कोण?"

"उंट," एक चिमुरडी कंटाळून म्हणाली. "आता त्याची छत्री हरवणार."

बाईंनी पान उलटलं, तर खरंच उंटाची छत्री हरवलेली.

"ती कासवाने लपवलीये," मागून कुणीतरी म्हणालं.

पुढच्या पानावर कासव छत्रीवर बसलेलं. बाईंचं डोकंच चालेना. "अरे, तुम्ही हे वाचलंत तरी कधी?"

"आम्हाला कुठे वाचता येतं?" चिमुरडी म्हणाली. "तुम्हाला एवढंपण माहीत नाही?"

काहीच कळेना, म्हणून बाईंनी पुस्तक पालथं करून पाहिलं. मागे लिहिणाऱ्या बाईंचा छोटासा फोटो होता. तो दिसला मात्र, अख्खा वर्ग उठून पुस्तकाभोवती गोळा झाला. चिमुरडी तर नव्या बाईंच्या मांडीवरच चढली. फोटोवर बोट ठेवून तिने हळूच विचारलं,

"आमच्या बाई तुम्हाला कुठे सापडल्या?"