ताट धरणारे हात

या, थोडं पुढं सरकून बसा. टाळ खाली ठेवा. महाराज कीर्तनाला उभे राहीपर्यंत हिंगणीकडच्या एका गावातली गोष्ट सांगतो. ऐकून झाली की एक मागणं मागणार आहे.

ग्रामपंचायतीची मोजणी झाली आणि वासुदेवराव पाटील एका मतानं पडले. साल अठ्ठ्याहत्तर.

पाटलांची मतं आधीच मोजलेली असत. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या शेतावर राबणारे सगळे महादेवाच्या देवळात येत. पुजारी अण्णाजी दोन्ही हातांनी पितळी ताट धरून उभे राहत. ताटात बेलाची पानं आणि हळद. एकेकानं पानांवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, मत पाटलांना. जो ठेवणार नाही त्याला वर्षभर काम नाही, आणि गावात दुसरं काम नव्हतंच. अण्णाजींचे हात अवघडून जात, पण ताट कधी हललं नाही.

मग मत फिरलं कोणाचं? पाटलांनी फार विचार केला नाही. निवडून आलेला प्रेमदास हा निंदणाला येणाऱ्या रुख्माबाईचा शेजारी. तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून तिचं काम बंद. देवाची शपथ मोडली म्हणून कीर्तनात बसणंही बंद. ती देवळामागं उभी राहून अभंग ऐके. अण्णाजींना ती खिडकीतून दिसे आणि त्यांचा टाळ चुके.

पुढच्या वर्षी रोजगार हमीचं काम निघालं, पाझर तलावाचं. मागेल त्याला काम, असा कायदाच झाला होता. अण्णाजी प्रसादाचं खोबरं घेऊन तिथं गेले. रुख्माबाईनं मातीचं घमेलं खाली ठेवलं.

“ताट तुमच्या हाती होतं, अण्णाजी. माहा हात पानावर होता का नाई?”

“होता.”

“मंग पाटलाले काऊन नाई सांगत?”

अण्णाजी मातीकडं बघत म्हणाले, “माहं धान्य तिथूनच येते, बाई.”

“माहं आता नाई येत.” ती हसली. “इथं मुकादम हजेरीले रुख्माबाई म्हणून पुकारते. पाटलाच्या घरी वीस वर्सं मले ‘ए’ म्हणत.”

तिनं खोबऱ्याचा तुकडा मोडला आणि अर्धा त्यांच्याच हातावर ठेवला. तो त्यांनी तसाच उपरण्यात बांधून परत नेला.

पाच वर्षांनी पुन्हा निवडणूक आली, पुन्हा ताट निघालं. या वेळी रुख्माबाई न बोलावता देवळात शिरली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “मत माहं हाये. ते मी पानाखाली नाई ठेवत.”

तलावावर जाणाऱ्या बाया एकेक करून तिच्या मागं सरकल्या. पाटलांनी बोट दाखवलं. म्हणाले, बघा, मागच्या खेपेलाही शपथ मोडणारी हीच.

“मी मोडली असती तं आज सांगतली असती,” ती शांतपणे म्हणाली. “आता भ्याचं काय कारण?”

लोक एकमेकांची तोंडं बघू लागले. अण्णाजींनी ताट खाली ठेवलं. त्यांनी तोंड उघडलं, सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं, आणि अण्णाजींनी आरती सुरू केली.

दोन वर्षांनी रुख्माबाई तापानं गेली. गावातले काही जण अजूनही तिला शपथ मोडणारीच म्हणतात.

तर मागणं एवढंच. आज आरतीला हात जोडाल तेव्हा त्या बाईची आठवण काढा. अठ्ठ्याहत्तर साली ताटासमोर आलेल्या प्रत्येकानं पानांवर हात ठेवला होता आणि प्रत्येकानं तो शब्द पाळला. ज्याचे दोन्ही हात ताटात गुंतले होते त्याला मात्र शपथ कोणी घातलीच नव्हती, आणि प्रेमदासच्या चिन्हावरचा तो एक शिक्का त्याच हातांनी मारला होता.