सतरा नंबरचं टेबल

सतरा नंबरच्या टेबलावरच्या साहेबांनी दुसरा प्रश्न विचारला आणि दिपमाला गडबडली.

पहिल्याचं उत्तर तिला पाठ होतं. नाव, गाव शिंदखेडा, बी.कॉम., टक्के. आधीच्या चार रोजगार मेळाव्यांत तेवढ्यावरच भागलं होतं. बायोडाटा गठ्ठ्यावर जायचा, 'कळवतो' म्हणायचे, की पुढचा नंबर. दुसऱ्या प्रश्नापर्यंत कुणी आलंच नव्हतं.

"घरी दिवसभर काय करता, ताई?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

त्यांना कसलीच घाई नव्हती. मेहरूण तलावाकडून वारा आला की मांडवाचं गुलाबी कापड फुगायचं आणि श्वास सोडल्यासारखं हळूच खाली बसायचं. त्या उजेडात सगळेच नुकते न्हाऊन आल्यासारखे दिसत होते, रात्रभर गाडीत चेंगरलेलेसुद्धा. साहेबांपुढे कार्यकर्त्यांनी दिलेलं गुलाबाचं फूल होतं, शेजारी गार झालेला चहा. माईकवर कुणीतरी झोपाळू आवाजात नंबर पुकारत होतं. पुण्याच्या काही कंपन्या वाटेत आहेत, धीर धरा, असंही मधूनच सांगत होतं. प्रत्येक नंबराला साहेबांची मान वर व्हायची. किती लक्ष या माणसाचं, दिपमालाला वाटलं.

"फोन घेते," ती म्हणाली.

"कुणाचे?"

"गॅसवाल्यांचे. म्हणजे, एजन्सीच्या आणि माझ्या नंबरात शेवटचा आकडाच वेगळा आहे. लोक मलाच विचारतात, सिलेंडर कधी येणार. आधी राँग नंबर म्हणायची. पण म्हातारी माणसं, पुन्हा पुन्हा लावतात. आता सांगून टाकते."

"काय सांगता?"

"गाडी कुठल्या गल्लीत आहे ते. ड्रायव्हरचा नंबर घेऊन ठेवलाय मी. एक आबा तर सिलेंडर आल्यावरही करतात. आलं म्हणून सांगायला."

साहेब हसले. मग त्यांनी बायोडाटा वरपासून खालपर्यंत वाचला. मागची कोरी बाजूही उलटून पाहिली.

"हे यात कुठे आहे?"

"हे काय लिहायचं, सर?"

"छंद वाचन लिहिलंय. वाचता?"

"नाही."

"मग ते खोडा आणि हे लिहा. अगदी पहिल्या ओळीत." त्यांनी खिशातला पेन दिला. "आणि बोलताना खाली बघू नका. मी फार वर्षं खालीच बघून बोललो."

तिने आपल्या निळ्या, बटणाच्या फाईलवर कागद ठेवून लिहिलं आणि पुढे सरकवला. त्यांनी तो परत केला.

"ठेवून नाही घेत?"

"मी कुणाचाच घेत नाही. झेरॉक्सला पैसे पडतात. शेजारी अठरा नंबरला दाखवा. धुळ्याचं हॉस्पिटल आहे." त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी टेबलाखाली आणखी आत सरकवली. मागे रांग वाढली होती. सगळ्यात लांब रांग त्यांचीच होती.

बाजूला तिची आई, यशोदाबाई, डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"काय म्हने साहेब?"

"शेजारच्या टेबलावर जा म्हणे."

"म्हंजे नहीच. कितला मेळावा करशी, पोरी? सोमवारे सुरतनी गाडी शे. मामी वाट देखी ऱ्हायनी."

मामीकडे जाऊन साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या, असं ठरलं होतं. यशोदाबाईंनी बॅगही भरून ठेवली होती. पाचवा मेळावा हा शेवटचा.

"इतलं एक टेबल, माय," दिपमाला म्हणाली.

अठरा नंबरवरच्या चेलना मॅडम मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाल्या, "ठेवा." मग पहिली ओळ दिसली असावी.

"गॅसचे फोन?"

"हो. दिवसाला चाळीसेक."

मॅडमचा मोबाईल वाजला. त्यांनी कपाळाला आठी घातली, तिच्याकडे पाहिलं आणि मोबाईलच पुढे केला. "घ्या."

पलीकडे कुणी तावातावाने बोलत होतं. डॉक्टर भेटत नाहीत, चार दिवस झाले. दिपमाला खाली बघणार होती, तेवढ्यात तिला आठवलं. तिने समोर पाहिलं.

"नाव सांगा, दादा. ठेवू नका फोन, मी आहे ना. पेशंट आईच का तुमची? जेवल्या का त्या?"

पलीकडचा आवाज खाली आला. हळूहळू तो नुसता माणसाचा आवाज झाला.

मॅडमनी मोबाईल परत घेतला. "एक तारखेपासून या. अपॉइंटमेंटच्या काउंटरला. राहायची सोय बघून ठेवा."

यशोदाबाईंनी दोनदा विचारून खात्री केली. मग डबा पोटाशी धरून रडल्या, आणि कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघत हसल्या.

दिपमाला सतरा नंबरकडे धावली. रांग संपली होती. वारा पडला होता आणि गुलाबी कापड डोक्यावर आलं होतं.

"सर, झालं! तुमच्या कंपनीत नाही, पण तुमच्यामुळेच."

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी टेबलावरचं फूल उचलून तिच्या हातात दिलं. "हे घ्या. मला उगाचच दिलं त्यांनी. मी नुसता रिकामी खुर्ची बघून बसलो होतो."

मग ते वाकले. टेबलाखालची पिशवी वर घेतली आणि तिच्याकडे होती तशीच निळी, बटणाची फाईल बाहेर काढली.

"ताई," त्यांनी समोर बघत विचारलं, "तिथे अजून एखादी जागा आहे का?"