तोंडावर बोट

सुप्याच्या अभयारण्यात तिसरीच्या मुलांना चिंकारा हरणं दाखवायची, म्हणून नारायण सरांनी आठ दिवस वर्गाकडून एकच गोष्ट घोटून घेतली होती, तोंडावर बोट. बडबड्या दिग्विजयला तर त्यांनी निराळा दम भरला होता, "तू तोंड उघडलंस तर याद राख!"

त्या सकाळी बाभळीच्या आडोशाला तेहतीस पोरं दगडासारखी बसली. दिग्विजयनं आलेली शिंकसुद्धा नाक दाबून जिरवली. दोन हरणं झुडपातून बाहेर आली आणि सरांच्याच खिशातला मोबाईल ढोल-ताशासकट वाजला. पापणी लवायच्या आत हरणं गायब.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई वर्गात येऊन कडाडल्या, "एवढ्या लांब जाऊन हरणं पळवून लावलीत म्हणे! कुणी केला आवाज?"

दिग्विजयनं एकदा सरांकडं बघितलं आणि तो उभा राहिला. "बाई, मीच बोललो. माज्यामुळं पळाली."

"मग पुढच्या सहलीला तू घरीच बसायचं," बाई म्हणाल्या.

 

तोंडावर बोट ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी नारायण सर गप्पच राहिले.