बेचाळीस पाट्या

तिसरी तक्रारही मावशींबद्दलच होती. एका बाईंचा मुलगा अंगणातल्या झाडाखाली जेवायला बसेना. झाड बंदूक उडवतं, असं म्हणे त्याला बागेच्या उन्हाळी शिबिरात सांगितलं होतं.

साहेबांनी तक्रार फायलीला लावली आणि मावशींना बोलावणं धाडलं.

साहेब या वनस्पती उद्यानात नवेच. आधीची सोळा वर्षं जन्मनोंदणीच्या कचेरीत गेली, तीही तळघरात. तिथं एक गोष्ट त्यांच्या अंगात मुरली होती. लिहिलेलं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा. इथं त्यांना या उन्हाळ्यापुरतं घेतलं होतं. शिबिरं पार पाडायची आणि बागेची माहितीपुस्तिका काढायची. ती उद्यान समितीच्या अध्यक्षीणबाईंच्या पसंतीला उतरली तर नोकरी कायम. नाही उतरली तर पुन्हा तळघर.

मावशी सत्तरीच्या. बागेत त्या कधी आल्या आणि आधी काय करायच्या, हे कुणी विचारलंच नव्हतं. मुलांना झाडं दाखवत फिरवायचं काम त्यांच्याकडे. मुलं तोंडावर त्यांना थापाडी मावशी म्हणत, आणि त्या खुशाल ओ देत.

त्या थापा साहेबांनी कागदावर उतरवून घेतल्या होत्या. तळ्याकाठच्या झाडाचं फळ उन्हात तापलं की धाडकन फुटतं आणि बिया लांबवर उडतात. फाटकाजवळचं फूल सकाळी पांढरं असतं, दुपारी लाजतं आणि दिवेलागणीपर्यंत लाल होतं. मांडवावरचा वेल माश्यांना जेवायला बोलावतो, म्हणून त्याच्या फुलाला मेलेल्या उंदराचा वास.

साहेब माणूस न्यायी. छत्री घेऊन स्वतः तपासायला निघाले.

फाटकाजवळचं फूल पांढरंशुभ्र होतं. सकाळचे दहा वाजले होते. पाटीवरही तेच होतं, 'बाराही महिने शुभ्र फुले.' मांडवाच्या पाटीवर होतं, 'मंद सुवास.' बागेत आल्यापासून साहेबांना सर्दी होती. त्यांनी फूल हुंगलं, वास काही आला नाही, म्हणजे मंदच असणार. शेजारून मुलं नाक धरून पळाली, ती त्यांनी बेशिस्तीत जमा केली. तळ्याकाठी पाटी होती, 'या वृक्षास फळ धरत नाही.' मिटला प्रश्न. वर बघायची त्यांना सवयच नव्हती.

अशा बेचाळीस पाट्या होत्या बागेत. काळ्यावर पांढरी, ठसठशीत अक्षरं. बघूनच साहेबांना घरी आल्यासारखं वाटलं.

"मावशी," ते म्हणाले, "उद्यापासून पाटीवर आहे तेवढंच सांगायचं. एक शब्द जास्त नाही."

"बरं साहेब."

"पाठ करून घ्या हवं तर."

"पाठच आहेत," मावशी म्हणाल्या.

आणि खरंच होत्या. दुसऱ्या दिवसापासून मावशी पाटीकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि घडाघडा म्हणायच्या. मुलं जांभया द्यायला लागली, तक्रारी थांबल्या. साहेबांनी मनातल्या मनात त्यांना शंभरपैकी शंभर दिले. एकदाच त्यांना टोकावं लागलं. मावशी सतराव्या पाटीवरचं अक्षर नखानं खरवडत होत्या.

"वेलांटी जरा वाकडी गेलीय," त्या म्हणाल्या.

"हात लावू नका. जुन्या माणसांनी अभ्यासानं लिहिलंय ते."

मावशींनी हात पदराला पुसला.

साहेबांनी सगळ्या पाट्या जन्मनोंदीसारख्या अक्षरन् अक्षर उतरवून घेतल्या आणि पुस्तिकेचा मसुदा मुख्य माळ्यापुढे ठेवला. माळी म्हणाला, पाटीखालच्या खड्ड्यात पाणी साचू नये एवढं मी बघतो, वरचं तुमचं तुम्ही बघा. साहेबांनी बघितलं आणि दोन हजार प्रती छापून घेतल्या.

शिबिराच्या समारोपाला अध्यक्षीणबाई येणार होत्या, भर दुपारी. साहेबांनी खुर्च्या तळ्याकाठच्या झाडाखाली मांडायला सांगितल्या. सावली दाट, आणि फळ धरत नाही म्हटल्यावर पाहुण्यांच्या डोक्यात काही पडायची भीती नाही.

मावशी खुर्च्यांजवळ घुटमळल्या. "इथंच बसवणार त्यांना?"

"का? पाटीवर काय आहे?"

"या वृक्षास फळ धरत नाही."

"मग?"

"मग काही नाही," मावशी म्हणाल्या, आणि मुलांना घेऊन लांब फाटकाच्या बाजूला जाऊन बसल्या.

अध्यक्षीणबाई आल्या, बसल्या, पुस्तिका चाळू लागल्या. कागद चांगला आहे म्हणाल्या. साहेबांना तळघराचा जिना कायमचा बंद झाल्यासारखं वाटलं. तेवढ्यात डोक्यावर धाड झालं.

पाहुणे खुर्च्यांखाली गेले. खापरीएवढा तुकडा अध्यक्षीणबाईंच्या चहात पडला आणि बिया तळ्यावर सपसप गेल्या. मुलं जागची हललीसुद्धा नाहीत. मोजायला त्यांनी एकेक बोट वर केलं होतं आणि ती दुसऱ्या आवाजाची वाट बघत होती. फाटकाजवळचं फूल एव्हाना चांगलं गुलाबी झालं होतं.

अध्यक्षीणबाईंनी साडीवरचा चहा झटकला आणि पुस्तिकेचं पान उघडलं. "फळ धरत नाही, असं छापलंय तुम्ही. कशावरून?"

"पाटीवरून," साहेब म्हणाले.

"आणि पाटी कुणी लिहिली?"

साहेबांनी चारी बाजूंना पाहिलं. बागेतलं सगळ्यात जुनं माणूस एकच होतं. त्यांनी मावशींना हाक मारली. पाट्या कुणी आणि कोणत्या ग्रंथांवरून लिहिल्या, ते बाईंना सांगा म्हणाले.

मावशी सावकाश चालत आल्या. आधी त्यांनी चहातला तुकडा काढून साहेबांच्या हातात दिला.

"ग्रंथ कसले साहेब, मी तेव्हा पाट्या रंगवायची. तेव्हाच्या साहेबांकडेही कुणीतरी मोठं येणार होतं, दोन दिवसांत बेचाळीस पाट्या हव्या होत्या. काय लिहू विचारलं, तर म्हणाले, काहीही लिही, भारदस्त दिसलं म्हणजे झालं. थापा म्हणाल, तर आयुष्यात मी तेवढ्याच मारल्या."